एनपीसीआय आणि रिझर्व्ह बँकेस खुले पत्र: दुकानाचा स्कॅनर दुकानदाराच्या नावावर करा

प्रति,
संचालक मंडळ, नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया (एनपीसीआय), मुंबई
आणि
पेमेंट व सेटलमेंट प्रणाली विभाग, भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई

प्रत माहितीसाठी: भारतीय स्पर्धा आयोग, नवी दिल्ली

महोदय / महोदया,

यूपीआयच्या एकूण व्यवहारांपैकी 30 टक्क्यांपेक्षा जास्त व्यवहार कोणत्याही एका ॲपकडे असू नयेत, हा नियम यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने 5 नोव्हेंबर 2020 रोजी जाहीर केला. 1 जानेवारी 2021 पासून तो लागू झाला. जी ॲप तेव्हाच या रेषेच्या वर होती त्यांना दोन वर्षे मिळाली, मग मुदत 2024 अखेरपर्यंत गेली, आणि ती संपण्याच्या दिवशीच, 31 डिसेंबर 2024 रोजी, आणखी दोन वर्षे वाढली. आता 31 डिसेंबर 2026 ही तारीख आहे. या सगळ्या काळात फोनपे आणि गूगल पे यांचा एकत्रित वाटा ऐंशी टक्क्यांच्या आसपासच राहिला. देशातल्या दर पाच यूपीआय व्यवहारांपैकी चार अमेरिकी मालकीच्या दोन ॲपमधून होतात.

आम्ही दुकानांना यूपीआय जोडून देणारे, ऑनलाइन विक्रेत्यांच्या सेटलमेंटचा (विक्रीचे पैसे खात्यात जमा होण्याचा) ताळा करणारे आणि त्यांची जीएसटी विवरणपत्रे भरणारे लोक आहोत. मुदत तिसऱ्यांदा वाढवा अशी आमची मागणी नाही. 1 जानेवारी 2027 च्या सकाळी अचानक दार बंद करा, असेही आम्ही म्हणत नाही. दुकानदाराला एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे त्याच स्कॅनरनिशी, म्हणजे काउंटरवरच्या त्याच क्यूआर कोडनिशी, जाता आले पाहिजे, एवढे मूळ काम आधी करा. ते झाल्याशिवाय 30 टक्क्यांचा आकडा कागदावरच राहील.

आधी आकड्याचेच पाहू. ऑगस्ट 2025 मध्ये यूपीआयने महिन्याला 2,000 कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. समजा त्यात एका ॲपचा वाटा 45 टक्के, म्हणजे 900 कोटी आहे. त्याचा एकही व्यवहार कमी न करता त्याला 30 टक्क्यांवर आणायचे, तर एकूण व्यवहार 3,000 कोटींवर जायला हवेत आणि वाढलेले सगळे 1,000 कोटी इतरांकडे जायला हवेत. असे आपोआप होणार नाही. मार्च 2021 च्या कार्यपद्धतीनुसार वाटा 25 टक्क्यांपुढे गेला की इशारा, 27 पुढे दुसरा इशारा आणि 30 ओलांडला की नवे ग्राहक घेणे बंद. ‘नवा ग्राहक’ म्हणजे कोण, हे मात्र काउंटरवरच्या भाषेत सांगितलेले नाही. फोन बदलून त्याच नंबरवर ॲप पुन्हा टाकणारी आजी नवी ग्राहक ठरेल का? सिम हरवून नवा नंबर घेतलेला रिक्षावाला? जुन्या ॲपमध्ये दुसरे बँक खाते जोडणारा? ही उत्तरे आधी लेखी दिली नाहीत, तर पहिल्या आठवड्यातला गोंधळ दुकानदारच झेलणार आहे.

आता मुद्द्याकडे. मर्यादा मोजली जाते पैसे देणाऱ्याच्या ॲपवर. कुलूप मात्र आहे पैसे घेणाऱ्याच्या गल्ल्यावर. या दोन गोष्टींचा संबंध असा की, 1 जानेवारी 2020 पासून यूपीआयवर एमडीआर (व्यवहारामागे दुकानदाराकडून घेतले जाणारे शुल्क) शून्य आहे. व्यवहार करून देण्याचे पैसे ॲपला मिळत नाहीत. मोठ्या कंपन्या रिचार्जवरचे शुल्क, विमा, जाहिराती, दुकानातल्या साउंडबॉक्सचे भाडे आणि दुकानदारांना मिळवून दिलेल्या कर्जावरचे कमिशन यांतून खर्च भागवतात. कोट्यवधी ग्राहक नसलेल्या नव्या कंपनीला यातली दुकानाची वाट सर्वात जवळची, आणि तीच बंद आहे. मग ग्राहकांसाठी चांगले ॲप चालवायला पैसा येणार कुठून?

कुलूप कसे लागते ते तपशिलात सांगतो, कारण धोरणाच्या चर्चेत हा भाग येतच नाही. काउंटरवरच्या क्यूआरमध्ये (दुकानात त्याला सगळे स्कॅनरच म्हणतात) मजकुराची एक ओळ असते: पैसे कोणाकडे जायचे तो व्हीपीए (यूपीआयचा पत्ता), दुकानाचे नाव, व्यवसायाचा चार अंकी संकेतांक. व्हीपीएमधल्या ‘@’ पुढचा भाग म्हणजे हँडल. हे हँडल दुकानदाराचे नसते आणि बहुतेक वेळा त्याचे खाते असलेल्या बँकेचेही नसते. ॲप कंपनीने ज्या बँकेशी करार केला आहे, त्या बँकेचे ते असते. गिऱ्हाईक कोणत्याही ॲपने स्कॅन करू शकते, ही यूपीआयची मोठीच देणगी. एनपीसीआयचा स्विच (व्यवहार योग्य बँकेकडे पाठवणारी मधली यंत्रणा) हँडल पाहतो, त्या बँकेला विचारतो, बँक खाते सांगते, एकीकडे वजा, दुसरीकडे जमा. गिऱ्हाईकाची बाजू मोकळी आहे. दुकानाची बाजू नाही.

दुकानदाराने कंपनी बदलायची ठरवली की काय होते? नव्या कंपनीकडे पुन्हा पॅन, उद्यम किंवा गुमास्ता, रद्द केलेला चेक, दुकानाचा फोटो. मग नवा व्हीपीए, नवे स्टिकर, नवा साउंडबॉक्स. जुने स्टिकर काढले तरी जुना व्हीपीए मरत नाही. तो बिलबुकावर छापलेला असतो, टेम्पोच्या मागे रंगवलेला असतो, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून फिरत असतो. नेहमीचे गिऱ्हाईक तर स्कॅन करतच नाही. मागच्या व्यवहाराच्या यादीतले दुकानाचे नाव दाबून पैसे पाठवते. पैसे जुन्या वाटेने जातात, नवा साउंडबॉक्स गप्प राहतो, गिऱ्हाईकाच्या फोनवर हिरवी खूण असते आणि काउंटरवर वाद होतो. रात्री बारा अंकी आरआरएन (व्यवहाराचे संदर्भ क्रमांक) एकेक करून जुळवावे लागतात. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाचा आधार इथे मिळत नाही. पैसे वजा झाले पण दुकानाकडे खात्री पोचली नाही, तर पाच दिवसांत परतावा आणि त्यानंतर रोज 100 रुपये भरपाई, असे ते सांगते. इथे तर व्यवहार तांत्रिकदृष्ट्या यशस्वीच असतो. महिन्याभराच्या अशा कटकटीनंतर दुकानदार म्हणतो, जुनेच बरे होते.

हे बदलता येते, याचा पुरावा तुम्हीच दिला आहे. 31 जानेवारी 2024 च्या रिझर्व्ह बँकेच्या कारवाईनंतर पेटीएम पेमेंट्स बँकेचे कामकाज 15 मार्चपासून थांबणार होते. आदल्या दिवशी, 14 मार्च 2024 रोजी, एनपीसीआयने पेटीएमला चार बँकांच्या आधाराने त्रयस्थ ॲप म्हणून परवानगी दिली आणि ‘@पेटीएम’ हे हँडल येस बँकेकडे वळवले. देशभरात चिकटवलेली ती स्टिकरे तशीच राहिली. दुकानदाराला खुर्चीवर चढून जुने स्टिकर खरवडावे लागले नाही. संकटात, सहा आठवड्यांत, अख्खे हँडल एका बँकेकडून दुसरीकडे नेता आले. मग एका दुकानाचा एक व्हीपीए त्याच्या अर्जावरून नेता का येऊ नये?

त्यासाठी लागणारे यंत्रही तुमच्याकडे आहे. यूपीआय नंबरसाठी एनपीसीआय स्वतःचा मध्यवर्ती मॅपर चालवते: आठ ते दहा अंकी क्रमांक दिला की तो कोणत्या व्हीपीएला जोडला आहे ते मॅपर सांगतो, आणि जोडणी बदलता येते. दुकानांसाठी हेच करा. नव्या क्यूआरमध्ये कंपनीचे हँडल नको, मॅपरमधला दुकानाचा कायमचा क्रमांक हवा. त्यामागे आज ही कंपनी, उद्या ती. जुन्या स्टिकरांसाठी दुसरा मार्ग लागेल: दुकान निघून गेल्यावरही जुन्या हँडलच्या बँकेने त्या एका व्हीपीएची चौकशी किमान 24 महिने नव्या व्हीपीएकडे वळवायची, जशी तुम्ही अख्ख्या हँडलची वळवली.

यातला खरा धोका आम्हाला ठाऊक आहे. दुकानाचा क्रमांक कोणी भलत्याने आपल्या खात्याकडे वळवला, तर दिवसभराचा गल्ला चोरीला जाईल, आणि संध्याकाळपर्यंत कोणाला कळणारही नाही. म्हणून पायऱ्या ठरवून द्याव्या लागतील. विनंती दुकानदाराच्या नोंदणीकृत मोबाइलवरूनच यावी. नव्या खात्याचे नाव आणि पॅन जुन्या नोंदीशी जुळावे. एक रुपया पाठवून खाते तपासावे. त्यानंतर 24 तास थांबावे, आणि त्या काळात जुन्या साउंडबॉक्सवरून आणि फोनवर मराठीत, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत, ‘तुमचा स्कॅनर दुसऱ्या कंपनीकडे जात आहे’ अशी सूचना द्यावी. बदल पहाटे, गर्दी नसताना व्हावा. जुन्या कंपनीला नकार द्यायचा असेल तर फक्त ठरलेल्या कारणांसाठी: पोलिसांनी खाते गोठवले आहे, नाव जुळत नाही, किंवा आधीचा बदल नुकताच झाला आहे. ‘आमचा प्रतिनिधी येऊन बोलेल’ हे कारण यादीत नसावे. देशाने मोबाइल नंबरसाठी हे 20 जानेवारी 2011 पासून करून दाखवले आहे. 1900 वर एक संदेश, एक संकेतांक, आणि नकाराची मोजकी कारणे. नंबर ग्राहकाकडे राहिला, म्हणून कंपन्यांना त्याच्यासाठी झटावे लागले.

साउंडबॉक्सचा प्रश्न वेगळा आहे आणि लहान दिसत असला तरी तोच दुकानदाराला सर्वात जास्त बांधतो. शंभर-सव्वाशे रुपये महिना भाड्याचा हा डबा फक्त स्वतःच्या कंपनीच्या क्यूआरवर आलेली रक्कम बोलतो. तीन कंपन्यांचे स्कॅनर लावायचे तर तीन डबे, तीन सिम, तीन चार्जर. भाजीच्या गाड्यावर एवढी जागा नसते आणि तीन भाडी परवडतही नाहीत. डब्याला हवे असते काय? रक्कम, वेळ, आरआरएन आणि संदेश खरा असल्याची डिजिटल सही. या चार गोष्टींचा एकच नमुना एनपीसीआयने ठरवून दिला आणि डब्यात कोणत्याही बँकेचा संदेश स्वीकारण्याची सक्ती केली, तर डबा दुकानदार बाजारातून विकत घेईल, जसा तो वजनकाटा घेतो.

आता कर्ज, जिथे गाठ सर्वात घट्ट आहे. स्कॅनरवरची उलाढाल पाहून ॲप कंपन्या त्यांच्या भागीदार वित्तसंस्थांकडून दुकानदाराला कर्ज मिळवून देतात आणि हप्ता रोजच्या सेटलमेंटमधून आधीच कापला जातो. 50 हजारांचे कर्ज घेतलेला दुकानदार ते फिटेपर्यंत तो स्कॅनर सोडू शकत नाही, आणि फिटत आले की नव्या कर्जाचा संदेश येतो. आमचा कर्जाला विरोध नाही. ज्यांच्याकडे तारण नाही त्यांना या वाटेने खरोखर भांडवल मिळाले आहे, दिवाळीआधी माल भरता आला आहे. पण वसुलीसाठी स्कॅनर अडकवून ठेवण्याची गरज नाही. एनपीसीआयचीच नॅच ही हप्ते वसुलीची व्यवस्था दुकानदाराच्या बँक खात्यातून हप्ता वळता करू शकते. कंपनी बदलताना उरलेल्या कर्जाची वसुली नॅचवर किंवा यूपीआय ऑटोपेवर टाकण्याचा हक्क दुकानदाराला द्यावा. वित्तसंस्थेची जोखीम थोडी वाढेल हे मान्य. व्याज त्यानुसार ठरू द्या, पण तो हिशेब उघड असू द्या.

कर्जाशीच जोडलेली दुसरी अडचण. अकाउंट ॲग्रिगेटरमधून (संमतीने आर्थिक माहिती पोचवणाऱ्या व्यवस्थेतून) दुकानदार आपले बँक विवरण दुसऱ्या वित्तसंस्थेला दाखवू शकतो, पण सेटलमेंट एकगठ्ठा होत असेल तर विवरणात दिवसाला एकच ओळ दिसते: काल 14,260 रुपये जमा. दिवसभरात 20 गिऱ्हाइके आली की 200, किती जण पुन्हा येतात, विक्री सकाळची की संध्याकाळची, हे त्या ओळीत नसते. ते फक्त ॲप कंपनीकडे असते. म्हणून स्वस्त कर्ज देऊ शकणारी शेजारची सहकारी बँक अंधारात राहते आणि ॲपला सगळे दिसते. दुकानदाराला 24 महिन्यांची व्यवहारनिहाय फाइल, गिऱ्हाइकांची ओळख झाकून, मागताच मिळावी. तो त्याच्या धंद्याचा रोजमेळ आहे.

ग्राहकाच्या बाजूबद्दल थोडक्यात, कारण तिथे तुम्ही सुरुवात केली आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये एनपीसीआयने ऑटोपेचे मँडेट (आपोआप पैसे वळते करण्याची परवानगी) कोणत्याही ॲपमधून पाहता यावे आणि एका ॲपमधून दुसऱ्यात नेता यावे, असा आदेश काढला. त्याबद्दल मनापासून धन्यवाद. पण ऑनलाइन खरेदीच्या शेवटच्या पानावर एक खिंड अजून आहे. अँड्रॉइड फोनवर ‘यूपीआयने पैसे द्या’ दाबले की फोनमध्ये असलेल्या ॲपची यादी दाखवता येते. आयफोनवर तशी एकत्रित यादी मिळत नाही, म्हणून विक्री करणाऱ्या साइटला प्रत्येक ॲपसाठी वेगळे बटण जोडावे लागते आणि ती दोन-तीन नावांवर थांबते. नवे ॲप कितीही चांगले असले तरी त्याचे बटणच नसेल तर कोणी दाबणार कसे? पेमेंट ॲग्रिगेटरांना (साइटसाठी पैसे स्वीकारणाऱ्या कंपन्यांना) परवानाप्राप्त सर्व ॲपची यादी दाखवणे बंधनकारक करा. क्रम ग्राहकाने आधी वापरलेल्या ॲपवरून ठरावा, साइट कोणाच्या मालकीची आहे यावरून नव्हे.

मालकीचा मुद्दा निघालाच आहे तर मोजणीतली एक फट सांगायला हवी. मर्यादा प्रत्येक ॲपला वेगळी लागते. फोनपे डिसेंबर 2022 मध्ये फ्लिपकार्टपासून वेगळे झाले. फ्लिपकार्ट समूहाने 2024 मध्ये सुपर.मनी हे नवे यूपीआय ॲप आणले. फोनपे आणि फ्लिपकार्ट या दोन्हींत बहुसंख्य मालकी वॉलमार्टची आहे. यात नियमभंग झाला असे आम्ही म्हणत नाही. नियमच एका ॲपकडून दुसऱ्या भावंड ॲपकडे व्यवहार सरकवायला मोकळीक देतो, एवढेच निदर्शनास आणतो. 30 टक्के समूहावर मोजा.

विक्री आणि पैसा एकाच घरात आले की काय होते, हे रिझर्व्ह बँकेने ओळखले होते. 17 मार्च 2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांत तुम्ही म्हटले की ऑनलाइन बाजारपेठ चालवणाऱ्याला पेमेंट ॲग्रिगेटरचे काम करायचे असेल तर ते वेगळे काढावे आणि वेगळी परवानगी घ्यावी. कंपनी वेगळी झाली, पण विक्रेत्याच्या हातात पडणारा कागद सुधारला नाही. 1,180 रुपयांची एक वस्तू घ्या, 18 टक्के जीएसटीची. करपात्र मूल्य 1,000. त्यातून बाजारपेठेचे कमिशन, ठरावीक शुल्क, वजनानुसार वाहतूक, या सगळ्यांवर 18 टक्के जीएसटी, मग टीसीएस (10 जुलै 2024 पासून अर्धा टक्का, म्हणजे इथे 5 रुपये), मग टीडीएस (1 ऑक्टोबर 2024 पासून 0.1 टक्का, रुपयाच्या आसपास). सरकारी कपात चोख कळते, ती पोर्टलवर दिसते. पैसे स्वीकारण्याचा खर्च मात्र कमिशनच्या पोटात मिसळलेला असतो. ग्राहकाने शून्य एमडीआरच्या यूपीआयने पैसे दिले की क्रेडिट कार्डाने, विक्रेत्याची कपात तीच राहते. तो खर्च वेगळ्या ओळीत दाखवायला लावा. मग कळेल की शून्याचा लाभ कोणाला मिळतो.

एकवटलेपणाची किंमत देशाने एकदा मोजली आहे. 5 मार्च 2020 रोजी येस बँकेवर निर्बंध आले आणि त्या एकाच बँकेवर उभे असलेले फोनपे त्या रात्री बंद पडले. तेव्हा वाटा आजच्याहून लहान होता. 2025 च्या मार्च आणि एप्रिलमधल्या खंडांनंतर एनपीसीआयने 1 ऑगस्टपासून शिल्लक पाहण्याला दिवसाला 50 आणि खाती मागवण्याला 25 वेळांची मर्यादा घातली, व्यवहाराची स्थिती विचारण्यावर बंधने आणली. चांगलेच केले. पण व्यवहारांचा एवढा मोठा हिस्सा एकाच ॲपमधून येत असेल तर त्या ॲपच्या प्रोग्रॅममधली एक चुकीची ओळ संपूर्ण स्विचला पुरते.

हे राबवून घेण्यासाठी दंडाआधी पैशाचा उपयोग होईल. 2024-25 साठी केंद्राने 1,500 कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर केली: लहान दुकानातल्या 2,000 रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर 0.15 टक्के, म्हणजे जास्तीत जास्त 3 रुपये. त्यातले 80 टक्के विनाअट. उरलेल्या 20 पैकी 10 टक्के तांत्रिक बिघाड 0.75 टक्क्यांखाली असेल तर, आणि 10 टक्के यंत्रणा 99.5 टक्क्यांहून अधिक वेळ सुरू असेल तर. अट घालून पैसे देण्याची रीत म्हणजे रुळलेली आहे. पुढील योजनेत तिसरी अट घाला: दुकान सोडून जाण्याची विनंती तीन कामकाजी दिवसांत पूर्ण केली का? अर्थ मंत्रालयाला ही शिफारस तुमच्याकडून गेली तर वजन येईल.

चाचणीसाठी तुमच्या कार्यालयापासून जवळची जागा सुचवतो: दादरचा फूलबाजार. पहाटेची गर्दी, लहान रकमा, गोंगाट, एकाच टॉवरवर हजारो फोन, आणि ज्यांना चुकलेल्या शंभर रुपयांचाही फटका बसतो असे विक्रेते. तिथे 200 गाळ्यांचे स्कॅनर मॅपरवर आणा, कोणालाही कंपनी बदलू द्या, आणि तीन महिने दर महिन्याला चार आकडे जाहीर करा: किती जणांनी बदल मागितला, किती जणांचा झाला, किती दिवस लागले, आणि नकार कोणत्या कारणाने दिला. बदलानंतर जुन्या व्हीपीएवर गेलेल्या रकमा किती आणि त्या किती तासांत योग्य खात्यात पोचल्या, हा पाचवा आकडा आम्ही स्वतः जुळवून द्यायला तयार आहोत.

आपले विश्वासू,
दुकानांची यूपीआय जोडणी, सेटलमेंटचा ताळा आणि जीएसटीचे काम करणारे आम्ही काही जण